भावावर केस आहे, आर्मीत घेतील का? आणि फॉर्ममध्ये लिहायचं की नाही?

नमस्कार दादा. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. सातारा जिल्ह्यातलं गाव, जून 2023 मध्ये पेरणीच्या तोंडावर बांधावरून भावकीत मारामारी झाली, समोरच्या पार्टीने एफआयआर दिली, आयपीसीची कलमं 324 (हत्याराने दुखापत), 504 (चिथावण्यासाठी अपमान), 506 (धमकी) आणि 34 (सगळ्यांचा समान हेतू), आरोपी म्हणून वडील, चुलते आणि तुमचा धाकटा भाऊ. केस जेएमएफसी, म्हणजे तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात तारीख पे तारीख चाललीय. भाऊ आता 20 वर्षांचा, अग्निवीरची लेखी निघाली, ग्राउंड निघालं, मेडिकलही झालं, आणि आता पोलिसांचा चारित्र्याचा दाखला द्यायचाय त्यावर केस प्रलंबित असल्याचं येणार. तुम्ही विचारताय दोन गोष्टी. एक, अमेरिकेत शिक्षा झालेल्यांनाही आर्मीत घेतात मग आपल्याकडे बांधावरच्या भांडणासाठी पोराचं आयुष्य का बाद करायचं. आणि दुसरी, अकॅडमीतले सर म्हणतायत की फॉर्ममध्ये लिहूच नको, कोण बघतंय, तर काय करायचं.

मी फौजदारी वकिली करतो, आणि आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत नाहीतर भरतीच्या तयारीत, त्यामुळे असली कामं वर्षभर येत असतात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, लिहा. कारण खाली सविस्तर सांगतो. पण त्याच्याही आधी मला एक गोष्ट विचारायचीय जी तुम्ही लिहिलेली नाही आणि शंभरातल्या नव्वद घरांत कुणी बघतच नाही. भावाची दहावीच्या सर्टिफिकेटवरची जन्मतारीख काय आहे?

भाऊ आज 20 चा आहे म्हणजे जून 2023 ला तो सतरा-साडेसतराचा असण्याची बरीच शक्यता आहे. गावाकडं भांडणात पोलीस फिर्यादीच्या सांगण्यावरून "अंदाजे वय 19" असं लिहून टाकतात, पुढं चार्जशीटमध्ये तेच जातं, कोर्टात तेच वाचलं जातं, आणि अल्पवयीन पोरगं मोठ्यांच्या केसमध्ये उभं राहतं. घटनेच्या दिवशी 18 पूर्ण नसतील तर त्याचा खटला मॅजिस्ट्रेटपुढे मोठ्यांबरोबर चालवताच येत नाही, तो बाल न्याय मंडळाकडे वेगळा जायला पाहिजे. आणि हा मुद्दा कधीही उचलता येतो, 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 9 मध्ये तशी सोय आहे, आज तो 20 चा झाला म्हणून हक्क जात नाही. वयाला पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्म दाखला.

याचा फायदा किती मोठा आहे ते बघा. 324 ला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा, म्हणजे बाल न्याय कायद्याच्या भाषेत हा किरकोळ गुन्हा, आणि किरकोळ गुन्ह्याची चौकशी मंडळाने चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने मुदतवाढ, त्यातही नाही संपली तर कार्यवाही आपोआप संपुष्टात येते. (506 चा जिवे मारण्याच्या धमकीवाला भाग लावला असेल तर तिथं सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, मग हे गणित बदलतं, म्हणून चार्जशीट नीट वाचा.) आणि त्याच कायद्याचं कलम 24 म्हणतं की अल्पवयात केलेल्या गुन्ह्यात दोषी ठरला तरी त्यामुळं पुढं कुठलीही अपात्रता येत नाही. फक्त सोळा वर्षांवरच्या मुलावर अतिशय गंभीर गुन्ह्यासाठी मोठ्या माणसासारखा खटला चालला असेल तर हे लागू नाही, तुमच्याकडं तो प्रश्नच येत नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये रमेश बिष्णोई केसमध्ये हेच सांगितलं, तिथं सीआयएसएफमध्ये सबइन्स्पेक्टर म्हणून निवड झालेला मुलगा होता, जुन्या केसवरून त्याला अडवलं, कोर्ट म्हणालं घटना अल्पवयातली आहे, ती त्याच्या आड आणता येणार नाही. तेव्हा आधी दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा, जन्माची आणि भांडणाची.

आता समजा तो तेव्हा 18 पूर्ण होता. मग पुढचं सगळं वाचा.

लोक सरसकट "रेकॉर्ड" म्हणतात पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रार, पोलिसांनी नोंद केली आणि कोर्टात जा म्हणून समज दिली, तो गुन्हा दाखल झाला असं होत नाही. चॅप्टर केस म्हणजे गणपतीत नाहीतर निवडणुकीत शांतता राहावी म्हणून बाँड घेतात ती, त्यातही शिक्षा वगैरे नसते. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याचा आरोप. आणि दोषसिद्धी म्हणजे कोर्टाने पुरावा बघून दिलेला निकाल. कायद्याच्या दृष्टीने या चौघांत जमीन अस्मानाचा फरक, पण भरतीला आलेल्या पोराच्या दृष्टीने पहिल्या तीन गोष्टीसुद्धा पुरेशा धोक्याच्या, कारण आर्मीच्या एनरोलमेंट फॉर्ममधला प्रश्न फार रुंद आहे. तुम्हाला कधी तुरुंगवास झाला का, खटला चालू आहे का, इथवर ठीक, पण पुढं असंही विचारतात की तुमच्याविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे किंवा पोलिसांत कुठली तक्रार झाली आहे का. म्हणजे "नुसती एनसी आहे वकीलसाहेब, ती कुठं लिहायची" असं जे म्हणतात त्यांनी तो प्रश्न पूर्ण वाचलेला नसतो.

आणि हा प्रश्न विचारणारा ऑफिसर नुसता कागद पुढं सरकवत नाही, 1950 च्या आर्मी ॲक्टमध्येच लिहिलंय की खोटं उत्तर दिलं तर शिक्षा होईल हे त्याने समजावून सांगायचं. कलम 44 खाली जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्याचं निघालं तर कोर्ट मार्शलने पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कैद होत नाही, घरी पाठवतात. पण कधी पाठवतात ते महत्त्वाचं. व्हेरिफिकेशन रोल, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा कागद, पोलीस स्टेशनला येतो, तिथून रिपोर्ट जातो, यात महिने जातात, तोवर पोरगं सेंटरला ट्रेनिंग घेत असतं, गावात पेढे वाटून झालेले असतात, बॅनर लागलेला असतो. तिथून परत आलेलं पोरगं मी बघितलंय, तो घराबाहेर पडत नव्हता. त्याच्यावरची केस तुमच्या भावापेक्षा हलकी होती आणि पुढं सुटलाही निर्दोष, पण काढलं ते केसमुळं काढलंच नव्हतं, "नाही" लिहिल्यामुळं काढलं होतं. निर्दोष सुटल्याने ते "नाही" खरं होत नाही.

अकॅडमीवाल्या सरांना हे माहीत नसतं असं नाही. त्यांचा हिशोब ग्राउंड निघालेल्या पोरांच्या फोटोपर्यंतचा असतो, पुढचं रोलचं बघायला ते नसतात.

सुप्रीम कोर्टाचा यातला मुख्य निकाल म्हणजे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, 2016, तीन न्यायमूर्तींचा. त्याआधी निकाल दोन्ही बाजूंनी होते, 2011 मध्ये संदीप कुमार केसमध्ये दिल्ली पोलिसच्या उमेदवाराने जुनी मारामारीची केस लपवली होती तरी कोर्टाने तरुण वयातली गोष्ट म्हणून सांभाळून घेतलं, आणि 2013 मध्ये मेहर सिंग केसमध्ये उलट, तडजोडीने सुटलेल्याला पोलिसात घ्यायला नकार दिला तो कोर्टाने बरोबर ठरवला. अवतार सिंगमध्ये या सगळ्याची एकदा मांडणी झाली. त्यातलं तुमच्या कामाचं एवढंच की विचारलेलं खरं सांगायचं. प्रश्न स्पष्ट विचारलेला असला पाहिजे, मोघम प्रश्नावरून पोराला धरता येत नाही. एफआयआर झालीय हेच त्याला माहीत नसेल तर लपवलं म्हणता येत नाही. घोषणा दिल्या, किरकोळ भांडण झालं असल्या क्षुल्लक केसेस लपवल्या असल्या तरी अधिकारी त्याकडं दुर्लक्ष करू शकतो. आणि क्षुल्लक केस खरी खरी सांगितली असेल तर ती चालू असतानासुद्धा, निकालाच्या अधीन राहून, नेमणूक देता येते.

आता इथं थांबा, कारण लोक एवढंच वाचून खूश होतात. "देता येते" म्हणजे "द्यावीच लागते" असं नाही. त्याच निकालात असंही आहे की उमेदवाराने सगळं प्रामाणिकपणे सांगितलं, केस संपलीसुद्धा असेल, तरी पूर्वचारित्र्याचा विचार करायचा अधिकार नेमणाऱ्याकडेच राहतो, त्याच्यावर सक्ती नाही. म्हणजे खरं सांगितल्याने नोकरी मिळेलच असं मी लिहून देऊ शकत नाही. खरं सांगितल्याने एवढं होतं की नाकारलं तर त्यावर भांडायला जागा राहते, हायकोर्टात विचारता येतं की केसचं स्वरूप बघितलं का, वय बघितलं का, की नुसता शिक्का मारला. खोटं लिहिलं की ती जागाच जाते.

आणि सैन्याचं आणखी वेगळं. 2022 च्या जूनमध्ये अग्निपथ जाहीर झाली, रेल्वे जाळल्या गेल्या, तेव्हा 19 जूनला लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी पत्रकार परिषदेत सरळ सांगितलं होतं की प्रत्येक उमेदवाराचं पोलीस व्हेरिफिकेशन होणार आणि एफआयआर असेल त्याला घेणार नाही. ते जाळपोळीच्या संदर्भात होतं, पण त्यावरून साहेब लोकांचा कल कळतो.

म्हणून माझा सल्ला नेहमी एकच, केस भरतीच्या आधी संपवा, आणि कशी संपते याकडं लक्ष द्या. इथं तुमच्या कलमांमध्ये एक खोच आहे. 323 (हत्याराशिवाय साधी मारहाण), 504, 506 मध्ये फिर्यादीबरोबर तडजोड करून खालच्या कोर्टातच केस मिटवता येते आणि कायद्याने ती निर्दोष सुटका धरली जाते. 325, म्हणजे हाड मोडलं असेल, तिथंही कोर्टाच्या परवानगीने मिटते. पण मधलं 324, काठी-कोयत्याने साधी दुखापत, हे मात्र तडजोडीच्या यादीत नाही. (हाड मोडलं तर मिटवता येतं आणि खरचटलं तर येत नाही, याचं लॉजिक मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.) तेव्हा तालुक्याला जाऊन "आपसात मिटवलं" असा अर्ज देऊन तुमचं काम होणार नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने एफआयआर रद्द करायला हायकोर्टातच जावं लागेल, पूर्वी सीआरपीसीचं 482 म्हणायचो, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं कलम 528. घरगुती, शेतीच्या, वैयक्तिक वादात हायकोर्ट अशा संमतीला सहसा मान देतं, जखमी माणसाचं स्वतःचं ॲफिडेव्हिट लागतं. एक बरं झालंय, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा त्यात येतो, त्यामुळं मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

साक्षीदार फितूर करून सुटणं हा जो गावठी उपाय सगळे सांगतात तो भरतीसाठी सगळ्यात वाईट. निकालपत्रात "फिर्यादी फितूर झाल्याने संशयाचा फायदा" असं लिहून येतं आणि व्हेरिफिकेशनवाला नेमकी तीच ओळ वाचतो. तुमची बाजू खरी असेल, भाऊ त्या वेळी शेतात नव्हताच असा पुरावा असेल, तर तो पुरावा रेकॉर्डवर येऊ द्या आणि निकालात तसं लिहून येऊ द्या, उशीर लागला तरी. गुन्हा कबूल करून दंड भरून मोकळं होऊ असं तर चुकूनही करू नका, ती दोषसिद्धी असते. प्रोबेशनवर सोडलं तरी दोषसिद्धी राहतेच, अपात्रता जाते असं प्रोबेशन कायद्याचं कलम 12 म्हणतं खरं, पण 1990 मध्ये सीआरपीएफच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय की त्याने नोकरी वाचत नाही.

आरक्षण आंदोलनातल्या केसवाल्या पोरांसाठी जाता जाता एक. सरकारने गुन्हे मागे घेण्याची घोषणा केली, जीआर आला, म्हणजे केस संपली असं समजू नका. सरकारी वकिलाने अर्ज द्यायचा आणि कोर्टाने परवानगी द्यायची, ती ऑर्डर हातात येईपर्यंत दाखल्यावर केस दिसतच राहते. नुकसानीच्या केसेस बऱ्याचदा त्यातून वगळलेल्याही असतात.

आता तुमचा पहिला प्रश्न, अमेरिकेत घेतात मग आपण का नाही. तिथंही सरळ घेत नाहीत हे आधी समजून घ्या. फेलनी म्हणजे गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला भरती करू नये असाच तिथला कायदा आहे, पण त्यात अपवाद करायची सोय ठेवलीय, त्याला वेव्हर म्हणतात. पोराने सगळं सांगायचं, अगदी अल्पवयातलं, कोर्टाने सील केलेलंसुद्धा, मग वरचा अधिकारी एकेक केस बघून ठरवतो. इराक युद्धात माणसं कमी पडायला लागली तशी ही सूट वाढली, फेलनीवाल्यांना दिलेले आर्मीचे वेव्हर 2006 मध्ये 249 होते ते 2007 मध्ये 511 झाले. त्याचे दोन्ही अनुभव त्यांच्याकडं आहेत. 2018 मध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात असं दिसलं की फेलनीचा वेव्हर घेऊन आलेले सैनिक कामात कमी पडले नाहीत, उलट त्यांची बढती लवकर झाली. आणि दुसरीकडं स्टीव्हन ग्रीन, असाच सूट देऊन 2005 मध्ये घेतलेला, त्याने 2006 मध्ये इराकमधल्या महमूदियात साथीदारांबरोबर एका चौदा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला आणि तिच्या घरच्यांना मारून टाकलं. दोन्ही उदाहरणं मी मुद्दाम देतोय कारण या विषयावर प्रत्येक जण आपल्या सोयीचं एकच सांगतो.

रशियाचं उदाहरण कृपा करून कुणी देऊ नका. 2022 मध्ये वॅग्नर या तिथल्या खासगी भाडोत्री फौजेने जेलमध्ये जाऊन सहा महिने लढा आणि माफी घ्या अशी ऑफर दिली, ती माणसाला सुधारायची संधी वगैरे काही नव्हती, पुढं ढकलायला माणसं हवी होती. युक्रेनने 2024 च्या मे मध्ये कैद्यांना घ्यायचा कायदा केला त्यात निदान लैंगिक गुन्हे, एकापेक्षा जास्त खून, देशद्रोह असले वगळलेत. आणि आपल्याकडं हे कधी झालंच नाही असंही नाही, पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी 1916 पासून इथल्या तुरुंगांतले कैदी मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला नेले होते, लढायला नाही, हमाली आणि मजुरीला. युद्धात माणूस कमी पडला की सगळ्यांचेच नियम सैल होतात. आपल्याकडं एका जागेसाठी पोरांची रांग लागलेली असते, मग सैल करायची गरज कुणाला वाटणार? खरं कारण हे आहे, चारित्र्याची चाड हे नंतर.

तरीही माझं स्वतःचं मत विचाराल तर आत्ताची पद्धत चुकीची आहे, आणि ती मी गुन्हेगारांच्या कळवळ्याने म्हणत नाही. बलात्कार, खून, टोळी, हत्यारं, अंमली पदार्थ, यात दोषी ठरलेल्याला बॅरॅकमध्ये रायफल देऊन दुसऱ्या पोरांशेजारी झोपवायचं हे मलाही मान्य नाही. माझी तक्रार एफआयआरला निकालाचं वजन मिळतं याबद्दल आहे. गावात एफआयआर कशी होते ते आपल्याला माहीत आहे. भांडण दोघांत होतं, नावं घरातल्या सगळ्या पुरुषांची पडतात, आणि "त्यांचं पोरगं भरतीला लागलंय ना, मग त्याचं आधी टाक" हे मी फिर्यादींच्या तोंडून ऐकलेलं आहे. पुढं मिटवायला बसलं की किंमत ठरलेली, बांध सोडा, वाट द्या, मग हायकोर्टात सही करू. भरतीचा नियम जितका कडक तितकी ही किंमत वाढते. म्हणजे आर्मीत कोण जाणार हे शेवटी बांधापलीकडचा चुलता ठरवतो. तुमच्याकडंही बोलणी याच वळणावर आली असणार असा माझा अंदाज आहे.

यावर उपाय काही अवघड नाही. नुसत्या एफआयआरवर थांबू नका, कोर्टाने चार्ज फ्रेम, म्हणजे आरोप निश्चित केलाय का ते बघा. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या कलमांसाठी भरती कार्यालयाच्या पातळीवर लेखी वेव्हर ठेवा, कारणं लिहून द्यायची आणि लिहूनच नाकारायची. केस चालू असेल तर निकालाच्या अधीन घ्या, अवतार सिंगने तेवढी वाट करून दिलेलीच आहे. पण हे होईल तेव्हा होईल, भावाचं वय त्यासाठी थांबणार नाही.

तेव्हा आत्ता करायचं ते असं. चार्जशीटची सर्टिफाइड कॉपी काढा आणि दहावीच्या सर्टिफिकेटशी तारीख ताडून बघा. 18 च्या आतला निघाला तर याच आठवड्यात त्या कोर्टात वयाचा अर्ज टाका, बाकी सगळं नंतर. 18 च्या वरचा असेल तर समोरच्यांशी बोलणी करून कोल्हापूरला 528 चा अर्ज, त्यात मेडिकल झाल्याची आणि कागदपत्रांच्या तारखेची माहिती टाकून लवकर सुनावणी मागा. फॉर्ममध्ये दोन्ही परिस्थितीत गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं आणि आजची स्थिती लिहा, ऑर्डर आली असेल तर जोडा. अल्पवयातलं सांगायची सक्ती नसावी असं माझं मत आहे, तरी मी लिहायलाच सांगतो, कारण पोलीस स्टेशनचा रोल ते लिहून पाठवतोच आणि मग पोरगं लपवणारं ठरतं. पोलिसांचा दाखला काढायला भावाला एकट्याला पाठवू नका आणि "साहेब, निरंक लिहा की" असलं काही कुणाकडं बोलू नका, त्यातून दुसरी केस होते.

जन्मतारीख, एफआयआरची तारीख आणि 506 चा कुठला भाग लावलाय एवढं इथं टाका. फिर्यादीचं किंवा भावाचं नाव टाकू नका. मी रात्री बघून उत्तर देतो.